तुटलेली नस आणि विजेचे उद्दीपन

प्रश्न : दुचाकीच्या अपघातात माझ्या धाकट्या भावाची अल्नार नस (करंगळीकडे जाणारा मज्जातंतू) कोपराशी तुटली. दीड महिन्यापूर्वी ती शस्त्रक्रियेने जोडली, परंतु करंगळी अजून बधिरच आहे. नसेला विजेचे उद्दीपन देऊन शरीरातच विरघळून जाणारे यंत्र निघाल्याचे वाचले. ते आता बसवता येईल का? फिजिओथेरपीत देतात तो करंट हाच का?
— एक वाचक, धनकवडी, पुणे

उत्तर : ते यंत्र अमेरिकेतील नॉर्थवेस्टर्न आणि वॉशिंग्टन विद्यापीठांतील संशोधकांनी २०१८ मध्ये मांडले. नस जोडल्यावर उंदरांना त्यातून काही दिवस रोज एक तास उद्दीपन देण्यात आले. तत्पूर्वी कॅनडात, मनगटात दबलेली नस मोकळी केलेल्या रुग्णांना शस्त्रक्रियेनंतर लगेच, तात्पुरत्या तारांमधून सेकंदाला २० स्पंदने याप्रमाणे तासभर उद्दीपन दिले असता अंगठ्याच्या स्नायूंपर्यंत नसेचे अधिक तंतू पोहोचल्याचे आढळले होते.

या उपचाराचे मर्म वेळेत आहे. विजेची स्पंदने नसेतून उलट दिशेने मज्जारज्जूतील पेशींपर्यंत जातात, तेथे वाढीला लागणारी द्रव्ये अधिक तयार होतात आणि तंतू जोड लवकर ओलांडतात. मात्र पुढे त्यांची वाढ दिवसाला साधारण १ मिलिमीटर या नेहमीच्याच गतीने होते. म्हणून हे उद्दीपन शस्त्रक्रियेच्या सुमारास द्यायचे असते आणि दीड महिन्यानंतर त्यासाठी पुन्हा हात उघडावा, असे मी मुळीच सुचवणार नाही. फिजिओथेरपीतील करंट त्वचेवरून देतात. त्याचा उद्देश स्नायू आकुंचित करणे हा असतो आणि त्याच्या उपयोगाबद्दल तज्ज्ञांत मतभेद आहेत.

कोपरापासून पंजापर्यंतचे अंतर २५ ते ३० सेंटिमीटर धरले, तर तंतूंना तेथे पोहोचायला आठ ते दहा महिने किंवा अधिक लागतील, त्यामुळे आजच्या बधिरपणावरून शस्त्रक्रिया फसली असे कृपया समजू नका. नसेच्या मार्गावर बोटाने हलके ठोकल्यावर मुंग्या येण्याची जागा महिन्यागणिक पंजाकडे सरकते का, हे शल्यचिकित्सकांकडून तपासून घ्यावे. पंजाचे स्नायू मात्र अनिश्चित काळ वाट पाहत नाहीत. वर्ष-दीड वर्ष नसेविना राहिल्यास ते बहुधा कायमचे दुबळे होतात. त्यामुळे ईएमजी (स्नायूंतील विजेच्या संदेशांची तपासणी) केव्हा करायची, आणि दुसऱ्या नसेची शाखा पंजाजवळ जोडण्याचा पर्याय भावाला लागू होतो का, हे येत्या भेटीतच विचारावे. तोवर बोटे आखडू नयेत म्हणून सांगितलेले व्यायाम रोज करावेत, आणि बधिर करंगळीला चटका लागलेला कळत नसल्याने गरम भांडी व दुचाकीचा सायलेन्सर यांपासून हात जपावा.