वाचकांचे प्रश्न : सरांची आठवण मैदानावर कशी राहील?

यंदा फुटबॉलवर आलेल्या पत्रांपैकी चार पत्रं एकाच धाग्याची निघाली. कॉलेजचे फुटबॉलचे सर गेले किंवा निवृत्त झाले, आता पुढं काय? उत्तरं क्रीडाशिक्षक आणि रेफरी म्हणून काम करणाऱ्या आमच्या सल्लागारांची आहेत.

प्रश्न : आमच्या कॉलेजचे सर मागच्या उन्हाळ्यात वारले. आजूबाजूच्या पंधरा-वीस गावांतले पोट्टे त्यांनी घडवले. ‘दोन टचमध्ये बॉल सोड’ हे त्यांचं वाक्य अजून सगळ्यांच्या तोंडी आहे. माजी खेळाडूंनी वर्गणी जमवली आहे. कोणी म्हणतं पुतळा करू, कोणी म्हणतं मोठ्या बक्षिसाची स्पर्धा घेऊ. काय करावं?
– माजी विद्यार्थी, ता. दिग्रस, जि. यवतमाळ

उत्तर : स्पर्धाच घ्या, पण रोख बक्षीस मोठं ठेवू नका. रक्कम मोठी झाली की संघ भाड्याचे खेळाडू आणतात, नाव एकाचं आणि खेळतो दुसरा. दुपारपर्यंत तक्रारींचा ढीग होतो आणि ज्या गावातल्या मुलांसाठी हे सगळं मांडलं, ती कडेला बसून राहतात. त्यापेक्षा येणाऱ्या प्रत्येक संघाला दोन चांगले बॉल द्या. ते वर्षभर त्या गावात लाथाडले जातील.

आठ संघ घ्या, सात-सात जणांचे. थेट बाद पद्धतीत सात सामन्यांत काम आटोपतं खरं, पण चार संघ एकच सामना खेळून घरी जातात. चाळीस किलोमीटरवरून ऑटोत दाटीनं आलेल्या मुलांवर तो अन्याय आहे. चार-चार संघांचे दोन गट पाडा. गटाचे बारा, उपांत्य दोन आणि अंतिम एक, असे पंधरा सामने होतात. पंधरा-पंधरा मिनिटांचे दोन हाफ, मध्ये पाच मिनिटं आणि पुढच्या सामन्याआधी दहा, म्हणजे एका सामन्याला पाऊण तास. पहिल्या दिवशी सकाळी सात ते पावणेअकरा पाच सामने आणि दुपारी तीननंतर तीन. दुसऱ्या दिवशी सकाळी उरलेले चार, दुपारी उपांत्य आणि अंतिम. एका मैदानावर हे आरामात बसतं.

तारीख २६ जानेवारीच्या आसपासची धरा. ऑक्टोबरात सोयाबीन निघतं, त्यानंतर कापसाची वेचणी सुरू होते, तोवर अर्धी मुलं वावरात असतात. फेब्रुवारीत बारावीची परीक्षा येते आणि मार्चपासून ऊन खेळू देत नाही.

सरांचं वाक्य बॅनरवर छापून भागणार नाही, ते स्पर्धेचा नियम व्हायला हवं. प्रत्येक सामन्याच्या पहिल्या हाफमध्ये एका खेळाडूला सलग दोनच टच. तिसरा झाला की तिथूनच प्रतिस्पर्ध्याला इनडायरेक्ट फ्री किक, म्हणजे जिच्यावरून थेट गोल धरत नाहीत ती. गोलकीपरला सूट. घोळ होतो तो मोजण्यात, कारण रेफरी बॉल, बॉलपासून दूर चाललेली धक्काबुक्की आणि टच एकाच वेळी बघू शकत नाही. टचलाइनवर एक जण मोठ्यानं ‘एक, दोन’ म्हणणारा ठेवा. छातीवर बॉल घेतला तर तो टच धरायचा, समोरच्यानं मारलेला बॉल अंगावर आदळला तर धरायचा नाही, हे आदल्या दिवशी सगळ्या कॅप्टनना सांगून ठेवा. तिसरा टच मिळणारच नाही म्हटल्यावर बॉल पायाशी येण्याआधीच मान वर करून बघावं लागतं. सरांना तेच हवं असणार.

नियमातून शिकवण्याची ही रीत जुनी आहे. हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम मूळचे शाळामास्तर. त्यांच्या हाताखाली भारतानं १९५१ आणि १९६२ च्या आशियाई स्पर्धांत सुवर्ण जिंकलं आणि १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये चौथा क्रमांक मिळवला. ते पोरांसाठी फक्त कमजोर पायानं खेळायच्या स्पर्धा घेत. आणि आपल्या नागपुरात हिस्लॉप कॉलेजच्या विजय बारसे सरांनी वस्तीतल्या मुलांसाठी २००१ मध्ये सुरू केलेलं स्लम सॉकर आजही चालू आहे, कारण तिथं मुलं रोज खेळतात. पुतळ्याचे पैसे बॉल, शिट्ट्या आणि पुढच्या वर्षीच्या स्पर्धेसाठी ठेवा.

प्रश्न : सरांचा सराव कुठंच लिहिलेला नाही. ज्याला विचारावं तो वेगळंच सांगतो. वही कशी तयार करावी?
– प्राध्यापक, ता. मोर्शी, जि. अमरावती

उत्तर : विचारू नका, करून दाखवायला सांगा. सात-आठ वर्षांच्या अंतरानं शिकून गेलेल्या तीन खेळाडूंना वेगवेगळ्या दिवशी मैदानावर बोलवा. हातात बॉल द्या आणि म्हणा, ‘सर पहिल्या अर्ध्या तासात जे करून घ्यायचे ते कर.’ दुसऱ्यानं टेप आणि घड्याळ घेऊन अंतर, वेळ, संख्या लिहायची. तिघांत सारखं निघेल तो सरांचा गाभा. वेगळं निघेल ते त्यांनी पुढं बदललेलं, त्यापुढं साल टाका. सर कुठल्या क्षणी ओरडायचे हे आवर्जून लिहा. चूक नेमकी तिथंच असते.

एका पानावर एकच सराव. भिंतीच्या पासचं पान असं दिसावं : भिंतीपासून ५ मीटर. उजव्या पायानं ३०, डाव्यानं ३०. टेकलेला पाय बॉलच्या बाजूला वीतभर अंतरावर, बोटं भिंतीकडं. मारणाऱ्या पायाचा घोटा ताठ, पंजा वर ओढलेला, बॉल पायाच्या आतल्या बाजूनं. घोटा सैल सुटला तर बॉल बोटांना लागून तिरका जातो. टेकलेला पाय मागं राहिला तर बॉल उडतो. परत आलेला बॉल थांबवताना मात्र उलटं, पाय ताठ ठेवला तर बॉल दोन मीटर उसळतो. फेकलेलं अंडं झेलताना हात जसा मागं जातो, तसा बॉल लागता लागता पाय मागं घ्यायचा.

मोबाइलवर व्हिडिओ घ्याल तर बाजूनं घ्या. समोरून टेकलेला पाय नीट कळत नाही. आणि वहीच्या तीन प्रती करा. क्रीडा विभागातली एकुलती एक वही बदलीच्या गडबडीत हमखास हरवते.

प्रश्न : सरांनी कॉलेजमागं स्वतः राबून मैदान केलं होतं. दोन वर्षांत काळ्या मातीला भेगा पडल्या, मुलांचे घोटे मुरगळतात. दुरुस्ती कशी करावी?
– ता. आर्वी, जि. वर्धा

उत्तर : मे महिन्यात भेगांत माती भरू नका. काळी माती पाण्यानं फुगते आणि वाळली की आकसते. भरलेल्या भेगेला पावसात जागा उरत नाही, मग तिथं उंचवटा येतो आणि घोटा त्याच्यावर मुरगळतो. काम पाऊस संपल्यावर, ऑक्टोबरात करा. मूठभर माती दाबा. गोळा झाला, कमरेइतक्या उंचीवरून टाकल्यावर फुटला आणि हाताला चिखल लागला नाही, की वाफसा आला.

आधी बोरी-बाभळीची रोपं मुळासकट काढा, एक काटा राहिला तरी बॉलचा आतला ब्लॅडर जातो. गाजरगवत फुलोऱ्याआधी, हातमोजे घालून उपटा. मग चार बोटं खोल वखरणी, त्यावर फळी. उतार मधून दोन्ही बाजूंना ठेवा, मीटरला एक सेंटिमीटर. ४० मीटर रुंदीच्या मैदानाचा मध्य कडेपेक्षा २० सेंटिमीटर उंच येतो. रोलर आधी हलका फिरवा, दोन दिवसांनी जड. मुरूम फक्त गोलसमोर आणि मधोमध, चाळून, पातळ. जाड मुरमावर गुडघे सोलून निघतात. शेतकरी जिला शिव्या देतो ती हरळीच मैदानाला हवी. जुलैत तिचे तुकडे वीत-वीत अंतरानं लावा आणि दोन महिने त्यावर खेळू देऊ नका.

आखणीला दोरी पुरते. कोपऱ्यातून एका बाजूला ६ मीटर, दुसरीला ८ मीटर मोजा. त्या दोन खुंट्यांत बरोबर १० मीटर भरलं तर कोपरा काटकोनी. ६० बाय ४० च्या मैदानाचे दोन्ही कर्ण ७२ मीटर ११ सेंटिमीटर आले पाहिजेत. रेषांना फक्कीच वापरा. कळीचा चुना स्वस्त पडतो, पण घामाच्या अंगाला आणि डोळ्यांना भाजतो, घसरून पडणाऱ्या पोराचा चेहरा थेट रेषेवर येतो. बांबूचे गोल करणार असाल तर खांब दोन फूट पुरा आणि पुरलेल्या भागाला डांबर लावा, नाहीतर उधई एका पावसाळ्यात पोकळ करते. उचलते लोखंडी गोल असतील तर मागचा पाया खुंट्यांनी जमिनीत जखडा. मुलं आडव्या दांडीला लटकतात आणि सुटा गोल अंगावर येतो.

प्रश्न : सर निवृत्त झाले आणि मुलींचा संघ बंद पडला. पालक म्हणतात, ‘सर होते म्हणून पाठवत होतो.’
– शिक्षिका, ता. चिमूर, जि. चंद्रपूर

उत्तर : पालकांचा भरवसा माणसावर होता. आता तो डोळ्यांना दिसेल अशा गोष्टींवर बसवावा लागेल. हिवाळ्यात लवकर अंधारतं, म्हणून सराव पावणेचार ते पाच आणि त्यानंतरच्या एसटीची वेळ बघूनच ठरवा. मैदानावर पूर्ण वेळ कोण बाई असेल त्याची आठवड्याची यादी पालकांच्या हातात द्या. कपडे बदलायला कडी असलेली खोली हवीच. शॉर्ट्सला हरकत असेल तर त्याखाली त्याच रंगाच्या टाइट्स चालतात, नियमात बसतं. सरांच्या जुन्या खेळाडूंपैकी ज्या जवळच्या गावांत सासरी आहेत, त्यातल्या दोघींना घरोघरी सोबत न्या. त्या आयांशी बोलतील तसं आपल्याला बोलता येत नाही.

सर हयात आहेत हे तुमचं मोठं बळ आहे. पहिले चार शनिवार त्यांना मैदानावर बोलवा आणि कडेला खुर्ची द्या. पालक आले की त्यांनीच तुमची ओळख करून द्यावी. शिट्टी मात्र पहिल्या दिवसापासून तुमच्याच गळ्यात असू द्या. सरांना वाटलं तरी त्यांनी मैदानात उतरून चूक दुरुस्त करू नये, सराव संपल्यावर तुम्हाला बाजूला सांगावं, हे त्यांच्याशी आधीच बोलून घ्या.