थायरॉईडच्या ऑपरेशननंतर आवाज बसलाय?

ताई, पहिले काही दिवस आवाज बसतो तो बहुतेकदा भूल देताना घातलेल्या नळीमुळे. पण हवा गळल्यासारखा आवाज येतोय, पाणी पिताना ठसका लागतोय, तर स्वरयंत्राची नस दुखावलेली असू शकते. नस तुटलेली नसेल तर सहसा 6 महिन्यांत सावरते, कधी वर्षही लागतं. तोवर हनुवटी छातीकडे झुकवून छोटे घोट घ्या. कुजबुजू नका हं, त्यानं घशावर उलट ताण येतो. हळू, पण नेहमीच्या आवाजात बोला. महाद्वार रोडच्या गर्दीत हाका मारणं नको, तांबडा रस्साही थोडे दिवस लांबच. दोन-तीन आठवड्यांत फरक नसेल तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून दुर्बिणीनं स्वरतंतू तपासून घ्या. ओठांभोवती मुंग्या आल्या तर कॅल्शियम कमी झालेलं असू शकतं, त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. मान सुजून श्वास कोंडला तर क्षणभरही थांबू नका, थेट हॉस्पिटल गाठा.