न्यूजग्रुपच्या विषयात मराठी अक्षर मध्येच का तुटतं?

तुमची अडचण मला समजली ती अशी. यूजनेटवर (इंटरनेटवरच्या न्यूजग्रुप नावाच्या चर्चा-गटांच्या जाळ्यावर) पोस्ट टाकणारी स्क्रिप्ट तुम्हीच लिहिली आहे. आतला मजकूर नीट जातो, पण ‘रंकाळ्याची जलपर्णी’ हा विषय (सब्जेक्ट) लोकांना ‘रंकाळ्याची जलपर’, मग काळ्या चौकटीतली प्रश्नचिन्हं आणि शेवटी ‘णी’ असा दिसतो. इंग्रजी विषय मात्र कितीही लांब असला तरी शाबूत पोचतो.

सर्व्हर बदलून काही होणार नाही. कापताय तुम्हीच, आणि चुकीच्या जागी.

यूजनेटचं हेडर (पोस्टच्या वरचा विषय, प्रेषक वगैरे भाग) मुळात आस्कीचं, म्हणजे फक्त इंग्रजी अक्षरं, आकडे आणि खुणांचं. १९८७ च्या आरएफसी १०३६ (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांचा दस्तऐवज) मध्ये देवनागरीचा विचारच नव्हता. ईमेलसाठी १९९६ साली आरएफसी २०४७ आलं आणि त्यातली युक्ती २००९ च्या आरएफसी ५५३६ ने यूजनेटलाही लागू केली. युक्ती अशी: बरोबरचं चिन्ह, प्रश्नचिन्ह, यूटीएफ-८ (युनिकोड अक्षरं बाइटमध्ये साठवायची पद्धत), प्रश्नचिन्ह, बी, प्रश्नचिन्ह, मग बेस६४ मधला (दर तीन बाइटची चार आस्की चिन्हं करून लिहिलेला) मजकूर, शेवटी पुन्हा प्रश्नचिन्ह आणि बरोबर. असा एक तुकडा ७५ कॅरेक्टरपेक्षा मोठा चालत नाही. त्यातली १२ वेष्टनातच जातात, उरलेल्या ६३ त बेस६४ चे चार-चारचे गट ६० पर्यंत बसतात, म्हणजे ४५ बाइट. तुमची स्क्रिप्ट नेमकी तिथेच कापते.

आता मोजा. देवनागरीत अक्षर, काना, अनुस्वार, हलन्त, प्रत्येकाला तीन बाइट. ‘रंकाळ्याची’ ३० बाइट, स्पेस ३१ वा, ‘जलपर’ संपेपर्यंत ४३. पुढचा हलन्त ४४ ते ४६. म्हणजे त्याचे दोन बाइट पहिल्या तुकड्यात आणि एक दुसऱ्यात. रफार जुळणार कुठून? इंग्रजीत एक अक्षर एक बाइट, त्यामुळे कुठेही कापा, बिघडत नाही. तुम्ही दिलेल्या पोस्टच्या कच्च्या सोर्समध्ये (न उलगडलेल्या मूळ रूपात) दुसऱ्या तुकड्याचा मजकूर स्मॉल जे, स्मॉल ई असा सुरू होतो. तो हलन्ताचा तिसरा बाइटच.

नियम सांगतो की प्रत्येक तुकड्यात पूर्णच कॅरेक्टर असावीत. मी तर म्हणेन, सरळ शब्दाशेवटी कापा. दोन तुकड्यांच्या मधली मोकळी जागा वाचणारा प्रोग्राम गिळून टाकतो, म्हणून शब्दांमधली स्पेस पहिल्या तुकड्याच्या आत, एन्कोड करून ठेवा. नाहीतर ‘रंकाळ्याचीजलपर्णी’ होईल. आणि तुकडे असलेली ओळ ७६ च्या आत हवी. पहिल्या ओळीत ‘सब्जेक्ट’, विसर्गासारखं चिन्ह आणि स्पेस मिळून ९ जागा आधीच जातात, त्यामुळे तिथे ३९ बाइटच धरा.

खरं तर हे सगळं हाताने करूच नका. पायथनच्या ईमेल पॅकेजमधला हेडर क्लास हे करतो. त्याला हेडरचं नावही द्या, म्हणजे पहिल्या ओळीचा हिशेब तोच धरतो. मात्र पोस्टिंगसाठी एनएनटीपीलिब ही पायथनची यूजनेट लायब्ररी वापरत असाल तर ती पायथन ३.१३ मधून काढली आहे.

‘बी’ (बेस६४) ऐवजी ‘क्यू’ पद्धत, म्हणजे प्रत्येक बाइट तीन कॅरेक्टरनी लिहिणारी, घेऊ नका. त्यात एकेका चिन्हाला नऊ कॅरेक्टर लागतात, तुकड्यात सातच बसतात. प्रेषकाच्या ओळीत फक्त नाव एन्कोड करायचं, तेही अवतरणचिन्हं न लावता. पत्त्याला, न्यूजग्रुपच्या नावाला आणि मेसेज-आयडीला हात लावायचा नाही. सरळ यूटीएफ-८ कोंबणारेही आहेत, आणि बऱ्याच सर्व्हरवरून ते जातंही. पण समोरच्याने लॅटिन-१ (युरोपीय भाषांची जुनी, एका बाइटला एक अक्षर अशी पद्धत) समजून वाचलं की डोक्यावर तिरकी रेघ असलेल्या स्मॉल ए ची रांग लागते. मला ते पटत नाही.

एक आपल्याकडचा प्रकार: मजकूर कोल्हापुरातल्या एखाद्या डीटीपीवाल्याकडून जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये आला असेल, तर आधी तो युनिकोडमध्ये आणा. त्याशिवाय वरचं काही उपयोगी नाही.

दुरुस्तीनंतर हाच विषय ऑल्ट.टेस्ट या ग्रुपवर टाका आणि कच्चा सोर्स उघडा. दोन्ही तुकड्यांचा मजकूर चार, कॅपिटल के, कॅपिटल एस असा सुरू झाला पाहिजे.