वाचकांचे प्रश्न : जे रुग्ण आलेच नाहीत, त्यांचा हिशेब

प्रश्न : नाशिकच्या सिडको भागात माझा बऱ्याच वर्षांपासून दवाखाना आहे. फॅमिली मेडिसिनमध्ये डीएनबी ही पदव्युत्तर पदवी घेणारे निवासी डॉक्टर काही आठवड्यांसाठी माझ्याकडे शिकायला येतात. समोरचा रुग्ण ते उत्तम तपासतात. परंतु वस्तीच्या आरोग्याचा विषय काढला, की त्यांना एमबीबीएसच्या वर्षांतील पीएसएमचे (प्रतिबंधक व सामाजिक वैद्यकशास्त्राचे) पाठांतर तेवढे आठवते. ओपीडीच्या गर्दीत हे कौशल्य शिकवायचे कसे?
– एक फॅमिली डॉक्टर, नाशिक

उत्तर : डॉक्टर, सुरुवात आपल्याच दवाखान्यातील केसपेपरांपासून करावी. निवासी डॉक्टर रुजू होताच त्याला उच्च रक्तदाबाच्या सर्व नियमित रुग्णांची एक वही तयार करायला सांगावे. नाव, वय, राहण्याचा भाग, व्यवसाय, शेवटच्या भेटीची तारीख आणि त्या दिवशीचा रक्तदाब, एवढे रकाने पुरेत. वही पूर्ण झाली, की यांपैकी किती जणांचा रक्तदाब आटोक्यात आहे, असे त्याला विचारावे. समजा, वहीत ८० नावे आहेत, गेल्या तीन महिन्यांत त्यांतील ५० जण येऊन गेले आणि त्यांपैकी ३५ जणांचा रक्तदाब १४०/९० च्या खाली होता. तो बहुधा ७० टक्के असे उत्तर देईल, कारण आलेल्या ५० जणांनाच तो आपले रुग्ण मानतो. प्रत्यक्षात हिशेब ८० पैकी ३५ चा, म्हणजे जेमतेम ४४ टक्क्यांचा आहे; उरलेल्या ३० जणांची औषधे चालू आहेत की केव्हाच सुटली, हे आपल्याला माहीतच नसते. २०१७ साली देशात सुरू झालेल्या उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमातही भेट चुकलेल्या रुग्णाला हिशेबातून वगळले जात नाही. पीएसएमच्या पुस्तकातला छेद (टक्केवारी ज्या एकूण संख्येवर काढायची ती) असा स्वतःच्या वहीत भेटला, तर तो विद्यार्थ्याच्या कायमचा लक्षात राहतो, असे मला ठामपणे वाटते.

त्या ३० जणांना फोन करण्याचे काम निवासी डॉक्टरनेच करावे; ते कंपाउंडरवर सोपवू नये. कोणी दुसऱ्या डॉक्टरकडे जाऊ लागलेला असतो, कोणाला बरे वाटले म्हणून गोळी बंद केलेली असते. अंबड किंवा सातपूरच्या कारखान्यात कंत्राटी काम करणारा सांगेल, की दवाखान्यासाठी खाडा केला तर त्या दिवसाची मजुरी बुडते. आपले एखादे सहकारी दिंडोरी किंवा निफाड तालुक्यात असतील, तर त्यांच्या वहीत ऑक्टोबर छाटणीच्या सुमारास वेगळाच प्रकार दिसण्याचा संभव आहे : पेठ-सुरगाण्याकडून द्राक्षबागांवर आलेले मजूर टोळीबरोबर एका बागेतून दुसऱ्या बागेत जातात आणि ठरलेल्या तारखेला येणे त्यांच्या हातात नसते. ‘पेशंट औषध नीट घेत नाही’ हा केसपेपरवरचा शेरा किती अपुरा आहे, हे अशा वेळी व्याख्यान न देताही समजते. मग उपायही त्यालाच सुचवू द्यावा. कारखान्यातील कामाची पाळी सुटल्यानंतरची वेळ ठेवता येईल का, ज्याचा रक्तदाब स्थिर आहे त्याला एकदम दोन महिन्यांचे औषध लिहून देता येईल का, स्वस्त जेनेरिक गोळी चालेल का, यांपैकी एकच बदल करावा आणि तीन महिन्यांनी वही पुन्हा मोजावी. मोजताना एक सावधगिरी मात्र शिकवायलाच हवी : ८० जणांच्या वहीत चार रुग्ण इकडचे तिकडे झाले, की पाच टक्क्यांचा फरक पडतो, त्यामुळे एका तिमाहीच्या आकड्यावरून यशाचा दावा करू नये.

आपल्याकडील खरी अडचण वेगळी आहे. ब्रिटनमध्ये प्रत्येक फॅमिली डॉक्टरकडे नोंदवलेल्या रुग्णांची निश्चित यादी असते; म्हणूनच डॉ. ज्युलियन ट्यूडर हार्ट यांना १९६० च्या दशकात वेल्समधील ग्लिनकॉरग या खाणकामगारांच्या गावी जवळजवळ सर्व प्रौढांचा रक्तदाब मोजता आला. आपल्या खासगी दवाखान्याला अशी यादी नसते, रुग्ण आज येथे तर उद्या तेथे. म्हणून दीर्घकालीन आजारांची वही हा पहिला टप्पा मानावा आणि पुढचा टप्पा म्हणून शेजारच्या मनपा आरोग्य केंद्रातील आशाताईंबरोबर एखादी गल्ली निवासी डॉक्टरने घरोघर फिरून पाहावी. जामखेडला आरोळे या डॉक्टर दांपत्याने १९७० मध्ये काम सुरू केले आणि पुढे गावातील स्त्रियांनाच आरोग्यसेविका म्हणून घडवले. गावाची माहिती गावातल्या माणसाकडे असते, हे त्या कामात डॉक्टरांनी मान्य केले होते, आणि नव्या डॉक्टरनेही आशाताईंकडे त्याच आदराने शिकायला जावे, अशी माझी फार इच्छा आहे.

प्रश्न : पदव्युत्तर विद्यार्थ्यांना जिल्ह्यातील सरकारी आरोग्यसेवेत पाठवणाऱ्या जिल्हा निवासी कार्यक्रमातील तीन महिन्यांसाठी मी आदिवासी तालुक्यात आहे. दिवस ओपीडीत आणि अहवाल भरण्यात संपतो. यातून नेमके काय शिकायचे?
– एक निवासी डॉक्टर

उत्तर : जे अहवाल तुम्ही भरता, तेच वाचायला लागा. आदिवासी भागात एका उपकेंद्रामागे साधारण ३,००० लोकसंख्या धरलेली असते. म्हणजे मोजायला हवा तो छेद तुम्हाला आयता मिळाला आहे, जो शहरातील डॉक्टरला मिळत नाही. लसीकरणाच्या यादीत कोणत्या पाड्यावरची मुले वारंवार राहून जातात, हे आरोग्यसेविकेला विचारा आणि एकदा तिच्याबरोबर त्या पाड्यावर जा. सुरगाणा, पेठ, कळवण या पट्ट्यात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आढळतो. सांधे दुखतात म्हणून पुन्हा पुन्हा येणाऱ्या, फिकट दिसणाऱ्या मुलाची ती तपासणी झाली आहे का, हे पाहावे आणि निदान झाले तर आईवडील व भावंडांचीही तपासणी करून वंशावळ कागदावर काढावी. २०२३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करण्याचे उद्दिष्ट आहे. तुमच्या केंद्राचा त्यातील वाटा किती आणि तपासणीनंतर वाहक (स्वतः आजारी नसले तरी मुलांना दोष देऊ शकणाऱ्या) तरुण-तरुणींना लग्नाआधी समजावून कोण सांगते, हा शोध तुमच्या तीन महिन्यांना पुरेल एवढा मोठा आहे.

प्रश्न : क्षयरुग्णाची नोंद करणे ही निव्वळ कागदपत्रांची कटकट आहे, असे माझे प्रशिक्षणार्थी मानतात. त्यांना काय सांगावे?
– एक वाचक, नाशिक रोड

उत्तर : २०१२ पासून ही नोंद खासगी डॉक्टरांनाही बंधनकारक आहे, एवढे सांगून भागत नाही. क्षयरुग्णांच्या नोंदीच्या सरकारी निक्षय पोर्टलवर नोंद झाल्यानंतर पुढे काय घडते, ते एका रुग्णाच्या बाबतीत शेवटपर्यंत पाहायला सांगावे : घरातील किती जणांची तपासणी झाली, लहान मुलाला प्रतिबंधक औषध मिळाले का, पोषणासाठीचे सरकारी मदतीचे पैसे रुग्णाच्या खात्यात जमा झाले का. यांपैकी जे झाले नसेल, त्यासाठी क्षयरोग कार्यालयाला फोनही प्रशिक्षणार्थ्यानेच करावा आणि उत्तर केसपेपरवर लिहून ठेवावे.