मानपत्रात ‘वारसा’ लिहायचा का ‘वसा’?

प्रश्न परभणीकडच्या एका ताईंचा आहे. त्यांचे काका आयटीआयमध्ये सुतारकाम शिकवायचे, ते आता रिटायर व्हायलेत, आणि आजोबा गावचे सुतार होते, बलुतेदार. मानपत्र लिहायचं ताईंकडं आलंय आणि त्यांनी लिहिलंय की ‘वडिलांकडून मिळालेला सुतारकामाचा वसा काकांनी समर्थपणे जपला’. त्यावर भाऊ म्हणाला वसा नाही, वारसा पाहिजे. आणि घरातले एक मोठे आबा म्हणाले की बलुत्याचं नाव मानपत्रात कामून घेता, सरकारी नोकरीचं लिहा की. तर बरोबर कोण?

या एका वाक्यापुरता भाऊ बरोबर आहे ताई. पण वसा हा शब्द खोडून टाकू नका, तो तुम्हाला खाली दुसऱ्या जागी लागणार आहे आणि माझ्या मते तुमच्या काकांच्या बाबतीत तोच जास्त मोलाचा आहे.

आधी वारसा बघू. शब्द मूळ अरबी, फारसीतून आपल्याकडं आला. वारस, वारसा, वारसदार हे सगळे त्याचेच, आणि मिरास (म्हणजे वंशपरंपरेनं चालणारा हक्क), मिरासदार हेपण त्याच धातूचे, हे पुष्कळ जणांच्या ध्यानात येत नाही कारण मराठीत दोघांची चेहरेपट्टी वेगळी झालीय. आपल्या मराठवाड्यात १९४८ पर्यंत निजामाचं राज्य, कचेरीचा कारभार उर्दूत, त्यामुळं असले शब्द आपल्या तोंडात पक्के बसलेत. आजही कुणाचे वडील गेले की चार दिवसांनी कुणीतरी विचारतंच, ‘तलाठ्याकडं वारस लावले का?’ आणि कागदावर ‘मयताचे वारसान’ असं येतं. आता या वापरातूनच अर्थ कळतो बघा. वारसा मागावा लागत नाही, तो अंगावर येतो. जन्म त्या घरात झाला म्हणजे नाव लागलं, मग पोरगं कर्तबगार असो का नसो, फेरफार करताना ते कुणी विचारत नाही. म्हणून ‘वडिलांकडून मिळालेला’ असं म्हणलं की पुढं वारसाच यायला पाहिजे.

वसा याच्या अगदी उलट आहे. वसा म्हणजे व्रत, नेम. श्रावणातल्या कहाण्या ज्यांनी आजीकडून ऐकल्यात त्यांना सांगायची गरज नाही. आदित्यराणूबाईच्या कहाणीत गरीब ब्राह्मण रानात जातो, तिथं नागकन्या देवकन्या वसा वसत असतात (वसा ‘वसणे’ असं क्रियापदपण आहे, ते आता बोलण्यातून गेलंच), तो म्हणतो मलापण सांगा, तर त्या आधी सांगत नाहीत, म्हणतात तू उतशील मातशील, घेतला वसा टाकशील. तो शब्द देतो की उतणार नाही मातणार नाही, मग सांगतात. म्हणजे तो मागणारा त्यांच्या कुळातला नाही, गोतातला नाही, काही नाही. त्यानं मागितलं, कबूल केलं आणि त्याला मिळालं. वसा घेतात, वसा देतात, वसा टाकतात किंवा टाकत नाहीत. बापाकडून आपोआप मिळतो तो वसा नव्हे, बापाचं बघून आपण होऊन घेतला तर तो वसा, मग मात्र ‘वडिलांचा वसा घेतला’ म्हणलेलं चालतं.

आता आबांचं. त्यांचं बोलणं मला अजिबात हलकं वाटत नाही. बलुतं म्हणजे वर्षभर लोकांची तिफण, वखर, गाडीची चाकं बघायची आणि सुगीला खळ्यावर जाऊन धान्य घ्यायचं, आणि हे काम निवडलेलं नसायचं, ज्या घरात जन्म त्या घराचं काम. ज्यांनी हे सोसलं त्यांना मानपत्रात तो शब्द नको वाटत असेल तर ते बरोबरच आहे. वतन हापण वारसाच होता की, पिढ्यानपिढ्या चालणारा, पण महार वतनाच्या जाचातून लोक सुटावेत म्हणून बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कौन्सिलात बिल मांडलं. म्हणजे प्रत्येक वारसा मिरवायचाच असतो असं नाही, काही वारसे मोडायचेच असतात. त्याच बाबासाहेबांनी १९५० मध्ये औरंगाबादला कॉलेज काढलं, ते पुढं मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखलं जायला लागलं, तिथं अशी पोरं शिकली की ज्यांच्या घरात अगोदर कुणी पाटी धरली नव्हती. अशा माणसाच्या मानपत्रात कुणी सवयीनं ‘घरातूनच शिक्षणाचा वारसा लाभला’ लिहिलं तर ते नुसतं चूक नाही, त्या माणसावर अन्याय आहे. त्यानं वसा घेतला, वारसा नसताना घेतला. आणि त्याच्या मुलीला जो मिळाला तो वारसा.

पण तुमच्या घरात दोन गोष्टी एकात एक गुंतल्यात त्या सोडवा असं मला वाटतं. बलुतं ही रीत होती आणि सुतारकी हा हुन्नर. बाभळीचं लाकूड बघून सांगणं की हे जुवाला जाईल, हे रुमण्याला जाईल, ते रीतीनं नाही आलं, आजोबांच्या हातानं आणि डोळ्यानं आलं. म्हणून ‘बलुतेदारीचा वारसा’ नका लिहू, ‘सुतारकीच्या हुन्नराचा वारसा’ लिहा, आबांनापण पटेल. आणि कामाचं नाव घ्यायला लाजायचं कारण नाही, तेरला गोरोबांच्या नावातच कुंभार आहे आणि आख्खा धाराशिव जिल्हा त्यांना काका म्हणतो.

क्रियापदाकडं पण बघा. ‘वारसा जपला’ सध्या सगळीकडं दिसतं, ते बरंचसं वेरूळ-अजिंठ्याकडून आलंय असं मला वाटतं, १९८३ ला दोन्ही लेण्या जागतिक वारसा यादीत गेल्या आणि तेव्हापासून वारसा म्हणलं की जतन, संवर्धन हेच डोक्यात येतं. लेणीला ते शोभतं, ती आहे तशी राहिली पाहिजे. पण हातातलं काम आहे तसं ठेवून कसं चालेल? तुमच्या काकांनी रंधा, पटाशी सोबत मशीनपण शिकवली असणार. म्हणून ‘चालवला’ म्हणा, ‘पुढं नेला’ म्हणा.

आणि आता वसा. आजोबांचा हुन्नर घरातल्या पोरालाच मिळाला, काकांचा वर्गात बसलेल्या कुणालाही मिळाला, कुठल्या जातीचा, कुठल्या गावचा हे न बघता. ते विद्यार्थी काकांचे वारस नाहीत, त्यांनी येऊन मागितलं आणि काकांनी दिलं, म्हणजे कहाणीतल्यासारखा वसाच दिला. ही गोष्ट ‘समर्थपणे’ या एका शब्दात बुडून जायला नको. मी असं लिहीन:

‘वडिलांकडून सुतारकीच्या हुन्नराचा वारसा आपणांस लाभला. तो आपण घरापुरता न ठेवता वर्गात आणलात, आणि जो शिकायला आला त्याला हा वसा दिलात. आपल्या हाताखाली तयार झालेले कारागीर आज स्वतःच्या कमाईवर उभे आहेत, हे कर्तृत्व सर्वस्वी आपले आहे.’

शेवटच्या वाक्यात वारसा आणू नका. तलाठ्याच्या भाषेत बोलायचं तर वडिलोपार्जित वेगळं आणि स्वकष्टार्जित वेगळं, दोन्हीचे उतारे एकत्र करायचे नसतात. जमलं तर तिथं एखादं ठोस काम घाला, त्यांच्या देखरेखीखाली शाळेसाठी बाकं केली असतील, एखाद्या देवळाचा दरवाजा केला असेल, ते घाला, मग ‘उत्तुंग’, ‘देदीप्यमान’ असली विशेषणं नसली तरी चालेल.

अजून एक, छापायला टाकायच्या आधी हे तपासाच. वारसाचा म्हणजे वारस असलेल्या माणसाचा, वारशाचा म्हणजे वारसा या गोष्टीचा. ‘आम्हांस आपल्या वारसाचा अभिमान आहे’ असं छापलं तर अर्थ होतो काकांच्या मुलाचा अभिमान आहे. ‘वारशाचा’ पाहिजे. वसा या शब्दाचंपण तसंच, वशाचा, वशाला. डीटीपीवाले कधीकधी वारशाचं बदलून वारसाचं करून ठेवतात, म्हणून प्रूफ स्वतः बघा, फोनवर ‘हो’ म्हणू नका.