जन्मभर शाकाहारी असलेला माणूस समुद्रात अडकला आणि मांसाशिवाय काहीच मिळेना, तर त्याने काय करावं?

तुमचा मुद्दा असा की 'लाइफ ऑफ पाय' सिनेमातला पाँडिचेरीचा शाकाहारी मुलगा मासा मारतो, मग रडत विष्णूचे आभार मानतो, हे तुम्हाला ढोंग वाटलं. नेम मोडायचाच तर रडायचं कशाला? आणि एकदा मोडला की मग मासा काय, कासव काय, माणूस काय, सगळं सारखंच नाही का?

सारखं नाही, असं माझं मत. मी चित्रकला शिकवतो. घर असं, की चातुर्मासात कांदा-लसूणसुद्धा बंद. त्यामुळे या प्रश्नाचं उत्तर मला एका चित्रामुळे सापडलं, तेच सांगतो.

पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात जेरिको या फ्रेंच चित्रकाराचं 'मेड्युसाचा तराफा' हे चित्र आहे. उंची जवळजवळ 5 मीटर, रुंदी 7 मीटरच्या वर. फोटोत पाहिलं होतं तेव्हा हा आकार लक्षातच आला नव्हता. खालची प्रेतं जवळपास आपल्या पायाशी येतात. गोष्ट खरी आहे. जुलै 1816 मध्ये मेड्युस हे फ्रेंच जहाज आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्याजवळ वाळूत रुतलं. होड्या पुरेनात म्हणून 147 जणांना एका तराफ्यावर चढवलं. होड्यांनी तो ओढत न्यायचं ठरलं होतं, पण थोड्याच वेळात दोर सोडून दिले. 13 दिवसांनी आर्गस जहाजाला तराफा दिसला तेव्हा 15 जण जिवंत होते.

तराफ्यावर खायला काय होतं? बिस्किटांची एक पिशवी, ती पहिल्याच दिवशी संपली. वाइनची पिंपं मात्र होती. माणसांनी तलवारीचे पट्टे चघळले. तिसऱ्या दिवसापासून मेलेल्यांचं मांस खाणं सुरू झालं. त्याच्या पट्ट्या कापून दोरांवर वाळत घातल्या, आपल्याकडे बोंबील वाळत घालतात तशा. (उपमा वाईट आहे, पण वाचताना माझ्या डोळ्यासमोर तेच आलं.) एकदा उडणारे मासे हाती लागले, तेही त्याच मांसाबरोबर शिजवले. एके दिवशी पांढरं फुलपाखरू आलं. जमीन जवळ आहे म्हणून काही जण हरखले, तर काही जण त्याच्याकडेच भुकेल्या नजरेने बघत होते. हे सगळं तराफ्यावरून जिवंत सुटलेल्यांपैकी साव्हिन्यी आणि कोरेआर यांनी लिहून ठेवलंय.

जेरिको या दोघांना भेटला. जहाजाच्या सुताराकडून तराफ्याची छोटी प्रतिकृती करून घेतली. प्रेतांचे अवयव समोर ठेवून अभ्यास केला. तयारीच्या चित्रांपैकी एकात त्याने नरमांस खाण्याचा प्रसंगही काढला. आणि 1819 च्या मोठ्या चित्रात? काही नाही. क्षितिजावर आर्गस बोटाच्या पेरापेक्षा लहान, आणि तिकडे हात हलवणारी माणसं. 13 दिवस उपाशी असलेल्यांच्या अंगावर तालमीतल्या पैलवानांचे स्नायू! उजवीकडे खाली एक रक्ताळलेली कुऱ्हाड तेवढी आहे. रंगातल्या डांबरामुळे चित्र इतकं काळवंडलंय की ती शोधायला मला बराच वेळ लागला. वाळत घातलेल्या पट्ट्या नाहीत, फुलपाखरूही नाही. बघणाऱ्याला दया यावी, शिसारी येऊ नये, म्हणून ताट चौकटीबाहेर ठेवलं. चित्रकार म्हणून मला ते समजतं. पण तुमचा प्रश्न नेमका त्या ताटाचाच आहे.

त्या हकिकतीत दोन गोष्टी मला महत्त्वाच्या वाटल्या. काहींनी ते मांस सुरुवातीला टाळलं, त्यांना वाइनचा वाटा जास्त मिळाला. म्हणजे तशा नरकातसुद्धा न खाणाऱ्याची सोय बघितली गेली. दुसरी गोष्ट भयंकर आहे. जी काही वाइन उरलीय ती पुरावी म्हणून मरायला टेकलेल्या आजाऱ्यांना त्यांनी समुद्रात ढकललं. मेलेल्याला खाणाऱ्याला मी दोष देऊ शकत नाही. या ढकलण्याला मात्र मी माफ करणार नाही.

इंग्लंडच्या कोर्टानेही पुढे साधारण तीच रेघ ओढली. 1884 मध्ये मिन्योनेट ही यॉट बुडाली, चौघे जण एका छोट्या होडीत. जवळ सलगमचे दोन डबे, म्हणजे शाकाहारी जेवण तेवढंच. एक कासव मिळालं, तेही संपलं. मग कप्तान डडलीने आजारी पडलेल्या 17 वर्षांच्या रिचर्ड पार्करला मारलं आणि तिघांनी खाल्लं. भूक ही खुनाची सबब होऊ शकत नाही, असं कोर्टाने ठरवलं. डडली आणि त्याला साथ देणाऱ्या स्टीफन्सला फाशी सुनावली, पुढे ती सहा महिन्यांच्या कैदेवर आली. तिसरा ब्रुक्स, ज्याने खाल्लं पण मारण्यात भाग घेतला नव्हता, तो साक्षीदार म्हणून उभा राहिला. तुमच्या सिनेमातल्या वाघाचं नाव रिचर्ड पार्कर आहे, ते याच पोराचं.

आता रडण्याबद्दल. छांदोग्य उपनिषदात उषस्ती चाक्रायणाची गोष्ट आहे. पिकं बुडालेली, उपासमार. एक हत्तीवाला उकडलेलं कडधान्य खात बसला होता. उषस्तीने त्याच्या ताटातलं उष्टं मागून खाल्लं. हत्तीवाल्याने उष्टं पाणीही पुढे केलं, तर म्हणाला, नको, ते उष्टं आहे. मग खाल्लंस ते उष्टं नव्हतं? यावर त्याचं उत्तर: ते खाल्लं नसतं तर जगलो नसतो, पाणी मला हवं तिथे मिळेल. नेम मोडला, पण गरजेपुरताच. माशासाठी रडणारा मुलगा मला त्याच जातीचा वाटतो. त्याला रेघ कुठे होती ते अजून आठवतंय, म्हणून तो रडतो.

तेव्हा मी मासा खाईन, कासवही खाईन. आपणहून मेलेल्या माणसाचं सांगता येत नाही, तिथे बसल्याशिवाय कुणी सांगूही नये. जिवंत माणसावर हात टाकणार नाही, असं इथे पंख्याखाली बसून तरी वाटतं.

आजीला ही तराफ्याची गोष्ट सांगितली होती. न खाणाऱ्यांना जास्त वाइन मिळायची हे ऐकून ती म्हणाली, "म्हणजे मांस सुटलं आणि दारू लागली! कसलं आलंय सोवळं."