वही जपून ठेवा, मायक्रोवेव्ह आजच घराबाहेर

डिचोलीहून एका आईचं पत्र आलं आहे. मुलगा अकरावी सायन्सला. प्लास्टिकच्या बाटलीला आतून-बाहेरून ॲल्युमिनियम फॉइल लावतो, पीव्हीसीचा पाइप लोकरीवर घासतो आणि बाटलीत वीज साठवतो. त्याच बाटलीला हात लावायला सांगून त्याने धाकट्या बहिणीला रडवलं. आता भंगारवाल्याकडून जुना मायक्रोवेव्ह आणून पडवीत ठेवलाय. वडील म्हणतात, सगळं फेका आणि त्याला कॉमर्सला घाला. शेवटी आई लिहिते, ‘अभ्यासाच्या वहीतसुद्धा चवथीत (गणेशचतुर्थीला) ठिणगी पडली नाही, दिवाळीनंतर पडली, असलं काहीबाही लिहून ठेवतो.’

ताई, आधी मायक्रोवेव्हचं बघा. तो आजच घराबाहेर गेला पाहिजे. मुलाने नाही, त्याच्या बाबांनीही उघडायचा नाही. मायक्रोवेव्ह दुरुस्त करणाऱ्याच्या हवाली करा. आतला ट्रान्सफॉर्मर साधारण 2000 व्होल्ट देतो, आणि शेकडो मिलिअँपिअर सहज पुरवतो. दहा-पंधरा मिलिअँपिअर अंगातून गेले की स्नायू आखडतात, धरलेली तार सुटत नाही. शंभरच्या आसपास हृदयाची लयच बिघडू शकते. घरातली गळती पकडणारी आरसीसीबीही इथे कामाची नाही, कारण ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडे काय चाललंय ते तिला कळतच नाही. प्लग काढला तरी कपॅसिटरमध्ये, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागात, वीज शिल्लक राहू शकते.

मग बाटलीतली ठिणगी? हवेत एक मिलिमीटर ठिणगीला ढोबळमानाने 3000 व्होल्ट लागतात. म्हणजे पाच मिलिमीटरची ठिणगी पंधरा हजारांची! आकडा मायक्रोवेव्हपेक्षा मोठा, पण साठा इवलासा आणि क्षणात संपणारा. म्हणून झटका बसतो, रडू येतं, पण सहसा त्यापलीकडे जात नाही. ठिणगी केवढी आहे यावरून धोका मोजता येत नाही, हे त्याला नीट समजावून सांगा. माझी खरी काळजी हीच आहे. इथवर सगळं सुखरूप झालं, म्हणून पुढचंही होईल असं या मुलांना वाटतं.

बहिणीची गोष्ट मला अजिबात आवडली नाही. न सांगता कुणाला झटका द्यायचा नाही. त्याने तिची माफी मागावी. हृदयाचा आजार किंवा पेसमेकर असलेलं कुणी घरी येत असेल, तर बाटली बाहेर काढायचीच नाही.

आता त्या वहीकडे येते. चवथीत ठिणगी पडली नाही, कारण पावसाळ्याच्या दमट हवेत पाइपवर ओलाव्याचा पातळ थर बसतो आणि साठलेला विद्युतभार त्यावरून निसटतो. हे कारण त्याला ठाऊक असेल-नसेल, पण फरक त्याने पाहिला, आणि तारखेसकट लिहून ठेवला. ताई, तुम्ही तक्रार म्हणून लिहिलेलं ते वाक्य मी तीनदा वाचलं. मार्क मिळवणारी मुलं माझ्याकडे खूप येतात, पण कुणी न सांगता नोंद ठेवणारं पोर क्वचित भेटतं.

या वेडाला गोव्यातच काम आहे. वेर्णा औद्योगिक वसाहतीत इलेक्ट्रॉनिक्स आणि औषधांचे कारखाने आहेत. अंगावरचा स्थिर विद्युतभार आपल्याला साधारण 3000 व्होल्टच्या पुढे जाणवतो, पण काही नाजूक चिप शंभरच्या आतच खराब होतात. म्हणून तिथे कामगाराच्या मनगटाला जमिनीशी जोडलेला पट्टा असतो. त्यात मुद्दाम 1 मेगाओहमचा रोध (वीज अडवणारा भाग) घातलेला असतो, तो कशासाठी, हे मुलाला विचारा. औषध कारखान्यात भुकटी किंवा द्रावक ओतताना पडलेली ठिणगी आग लावू शकते. आणि मोठ्या व्होल्टेजचीच ओढ असेल, तर कोलवाळला 400 किलोव्होल्टचं वीज उपकेंद्र आहे.

वाट सरळ आहे. कॉमर्सला घालू नका, वर्ष जाईल आणि मुलगाही मनाने दूर जाईल. बारावीला फिजिक्स आणि गणित पक्कं करायचं, मग फर्मागुडीच्या गोवा इंजिनिअरिंग कॉलेजात इलेक्ट्रिकल. जेईई चांगली गेली तर आयआयटी, एनआयटी गोव्यातच आहेत. पुढे उच्चदाबाच्या विजेचा विषय शिकायचा तर बंगळूरची आयआयएससी ही विज्ञानसंस्था, आणि तिथेच विद्युत उपकरणं तपासणारी सीपीआरआय. मार्क कमी पडले तर डिप्लोमा किंवा आयटीआयचा इलेक्ट्रिशियन; ती वाट कमीपणाची नाही.

तोवर घरी एकच नियम: भिंतीतल्या प्लगला जोडलेलं काहीही नाही. डास मारायच्या रॅकेटमध्ये मोठा कपॅसिटर बसवणंही नाही. बाटली, पाइप, लोकर चालेल, मोठं माणूस जवळ असताना. थोडे पैसे खर्च करायचेच असतील तर हवेतला दमटपणा दाखवणारं छोटं यंत्र घेऊन द्या, आणि बाबांना सांगा की रोजचा आकडा त्यांनी वाचावा, मुलाने लिहावा. जानेवारीत कोरडे दिवस आले की दोघांनी वही घेऊन माझ्याकडे यावं. चवथीपासूनची सगळी पानं मला बघायची आहेत.